खिडकीताईचा लघुग्रह

शरमलेल्या माणसानं कसलंही दुकान काढावं, चष्म्याचं काढू नये. तिथे जिकडे मान वळवावी तिकडे आरसा. काउंटरवर आरसा, भिंतीवर आरसा, फ्रेमच्या कपाटाच्या दारातही आरसा. आपलं तोंड आपल्याला नको झालं असेल, तरी तिथे ते दिवसभर समोर येतं, तेसुद्धा निरनिराळ्या बाजूंनी.

आमच्या चष्मेवाल्यावर ही वेळ आली होती. हा माणूस किडकिडीत, पन्नाशीला टेकलेला, बोलायला मऊ. लाज वाटली की याचे कान आधी लाल होतात आणि तोंड मागून. कान मोठे असल्यामुळे तो लाल रंग रस्त्यापलीकडून दिसतो. तर त्या दिवसांत यानं दुकानातले सगळे आरसे उलटे करून ठेवले होते. गिऱ्हाईक नाकावर फ्रेम चढवून इकडेतिकडे बघायचं.

"आरसा कुठेय हो?"

"छान दिसतेय फ्रेम. आरसा कशाला?"

"अहो, पण मला बघायचंय ना!"

"मी बघतोय की."

एक बाई तर चिडून समोरच्या केमिस्टच्या काचेत तोंड बघायला गेल्या आणि फ्रेम घालून तशाच घरी निघून गेल्या.

हे असं का झालं ते सांगायचं तर आधी त्याच्या ताईकडे जायला हवं.

ताई त्याच्याहून चांगली मोठी. आई-वडील दोघंही दिवसभर कामावर, त्यामुळे याला भरवणं, शाळेत पोचवणं, मारणं आणि मारल्यावर समजूत काढणं ही सगळी खाती ताईकडेच होती. हा लहानपणी वस्तू हरवण्यात पटाईत. टोपी, कंपासपेटी, एकदा तर पायातला एकच बूट. ताई याचा दंड धरून आल्या वाटेनं परत चालायला लावायची. "इथे बसला होतास? इथे काय केलंस? मग कुठे गेलास?" बूट सापडायचाच. म्हणून पुढे बसडेपोत तिला 'हरवलं-सापडलं'च्या खिडकीत नोकरी लागली, तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. तिथे ती इतकी वर्षं बसली की लोक तिला खिडकीताईच म्हणायला लागले.

बसमध्ये माणसं काय काय विसरतात! छत्र्या आणि डबे तर विसरतातच, पण एकदा एकच कुबडी आली. लंगडत चढलेला माणूस उतरताना चालत कसा गेला, यावर ड्रायव्हर-कंडक्टरांनी आठवडाभर चहा पिता पिता चर्चा केली. काहीही येवो, ताईचा नियम एकच, खूण पटल्याशिवाय वस्तू द्यायची नाही.

"माझी छत्री राहिलीय बसमध्ये."

"खूण?"

"काळी आहे."

"सगळ्या काळ्याच आहेत. पांढरी हरवली असती तर लगेच दिली असती. खूण सांगा."

"अं… दांड्याला हिरवा दोरा आहे. बायकोनं बांधलाय."

"हं. म्हणजे छत्री बायकोची. बरं, घ्या."

एकदा एक म्हातारे गृहस्थ आले, तोंडाचं बोळकं झालेलं. "माधी कवली बथमधे लाहिली."

ताईनं तोंडावरची सुरकुती हलू न देता विचारलं, "खूण?"

गृहस्थांनी नुसता आ केला.

"पटली," ताई म्हणाली आणि कवळी काढून दिली.

सापडलेली वस्तू आणून देणाऱ्याचे ताई आभार मानायची, बाकी काही नाही. एका कंडक्टरनं एकदा छान पेन आणून दिलं आणि लाडात येऊन म्हणाला, "कुणी नाही आलं न्यायला, तर मला द्या हं ताई." ती म्हणाली, "तुला सापडलं. तुझं कधी झालं?" बिचारा तेव्हापासून पेन दिसलं तरी वाकेना.

इकडे चष्मेवाल्याला आकाशाचं वेड. गावातल्या पाचदहा हौशी लोकांनी मिळून लांब डोंगरावर एक दुर्बीण बसवली होती. ती रात्री आपोआप आकाशाचे फोटो काढायची आणि ते सकाळी ज्याच्या त्याच्या संगणकावर यायचे. हा दुपारी शटर अर्धं ओढून, एका हातात पोळीचा घास घेऊन ते फोटो बघत बसायचा. आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो, थोड्या थोड्या वेळानं काढलेले. ते एकामागून एक भराभर दाखवले की तारे जागच्या जागी राहतात. पण मधूनच एखादा ठिपका टुणकन उडी मारतो, मग दुसरी, मग तिसरी, अगदी एका रेषेत. तो लघुग्रह. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात असे लाखो दगड सूर्याभोवती फिरत असतात. त्यातले बहुतेक आधीच कुणीतरी शोधलेले, आणि संगणक त्यांच्याभोवती गोल काढून 'हा माहीत आहे' असं सांगतो. काचेवरचा केसाएवढा ओरखडा नुसत्या डोळ्यांनी हेरणारा हा माणूस, त्यामुळे ठिपके हेरण्यात याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि एका दुपारी एका ठिपक्यानं उडी मारली, पण त्याच्याभोवती गोल आला नाही.

चष्मेवाल्याचा घास तोंडातच राहिला. त्यानं गणितसरांना फोन लावला. हे सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, या हौशी मंडळात लघुग्रहांच्या मार्गाचं गणित करणारे. प्रत्येक वाक्याच्या आधी "हे बघ" म्हणणार आणि शेवटी "घाई नको" म्हणणार. सरांनी जागा मोजायला लावल्या. दोन दिवसांनी पुन्हा तोच ठिपका, थोडा पुढे सरकलेला. मोजमापं या कामाच्या जगभरच्या केंद्राकडे गेली आणि तिकडून ठिपक्याला एक नाव आलं. नाव कसलं, साल आणि पुढे चारदोन अक्षरं-आकडे, गाडीच्या नंबरप्लेटसारखं.

"हे बघ," सर म्हणाले, "हा तात्पुरता पास आहे. दर सव्वा वर्षानं पृथ्वी त्याच्या बाजूनं जाते, तेव्हा तो नीट दिसतो. असा चार वेळा दिसला की त्याचा मार्ग पक्का होतो. मार्ग पक्का झाला की कायमचा क्रमांक मिळतो. मग शोधणाऱ्याला नाव सुचवायला मिळतं, आणि ते समितीला पटलं तर लागतं. मधल्या काळात तो दुसऱ्या कुणी आधी पाहिलेला निघाला, तर तुझा गेला. तेव्हा तोंडाला कुलूप. घाई नको."

"हो सर. कुणाला सांगतोय!"

आणि हा खरंच कुणाला सांगणार नव्हता. ताईच्या निवृत्तीचा समारंभ नसता तर.

समारंभ डेपोच्या कॅन्टीनमध्ये होता. डेपो मॅनेजर भाषणाला उभे राहिले. यांना वाक्य सुरू करता येतं, संपवता येत नाही.

"तर त्याचं काय आहे, की आज आपल्या, म्हणजे या आपल्या, अं…" खिशातून चिठ्ठी काढली. चष्मा आणला नव्हता. चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली, पुन्हा लांब धरली. "त्याचं काय आहे, की आपल्या खिडकीबाई! यांच्याबद्दल मी काय बोलणार, त्याचं काय आहे, की बोलण्यासारखं, असो."

आणि बसले. मागून कुणीतरी कुजबुजलं, "बाईंचं नाव काय हो?" शेजारचा म्हणाला, "खिडकीच ना?" भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं, त्यात सेल नव्हता. ताई हसत हसत घड्याळ कानाला लावून म्हणाली, "बरंय, आता मला कुठे वेळ बघायचाय." सगळे हसले.

चष्मेवाला हसला नाही. एवढी वर्षं हजारो लोकांच्या वस्तूंवर चिठ्ठ्या लावणाऱ्या बाईचं नाव या लोकांना ठाऊक नाही! त्याचे कान तापले, त्या वेळी रागानं. कुणी बोलावलं नसताना तो उठून पुढे गेला.

"तुम्हाला माझ्या ताईचं नाव माहीत नाही ना? नसू दे! आकाशात माझ्या ताईच्या नावाचा ग्रह आहे! मी शोधलाय!"

आहे! मिळेल नाही, मिळाला तर नाही. आहे. शब्द बाहेर पडताना त्याला स्वतःलाच ऐकू आला. पण तोवर कॅन्टीनमध्ये टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला होता. त्यानं ताईकडे पाहिलं. लहानपणी हरवलेला बूट तिच्या हातात दिसला की हा तिच्याकडे कसा बघायचा, अगदी तशी ती याच्याकडे बघत होती.

झालं. मग कुलूप कसलं आणि किल्ली कसली.

दुसऱ्या दिवशी केमिस्ट दुकानात हजर. "शेजारी म्हणून एक काम होतं. आमच्या कुत्र्याचं नाव लागेल का हो एखाद्याला? फार इमानी आहे."

"कुत्र्यामांजरांची नावं चालत नाहीत."

"मग ताईंचं कसं चाललं?" असं म्हणून जीभ चावली. "म्हणजे तसं नव्हतं म्हणायचं मला!"

मग पुढाऱ्यांचा एक माणूस आला, पांढरे बूट, खिशाला तीन पेनं. "साहेबांचं नाव लावून टाका. होऊन जाऊ द्या."

"राजकारणातल्या माणसाचं नाव लावायचं तर नियम आहे. तो माणूस जाऊन शंभर वर्षं व्हावी लागतात."

त्या माणसानं बराच विचार केला. "शंभर वर्षांचं आम्ही वर बोलून कमी करून घेऊ. पण आधीची अट जरा अवघड आहे."

आणि ताई! आयुष्यात स्वतःबद्दल अवाक्षर न बोललेली ताई भाजीवालीला सांगायला लागली, दातांच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगायला लागली. रोज सकाळी दुकानात डोकावायची. शाळेत पाठवलेल्या पोराची चौकशी करावी तशी विचारायची, "बारक्या, आज कुठवर गेला रे तो?"

"सिंहाच्या पायापाशी आहे, ताई."

"सिंहाच्या? सांभाळून म्हणावं."

आणि स्वतःच्याच विनोदावर हसत निघून जायची. घर वडिलांच्या नावावर होतं, मग भावाच्या नावावर झालं. खोली भाड्याची. नोकरीतही तिच्या नावानं कुणी हाक मारली नाही. तिच्या नावाचं असं हे पहिलंच काहीतरी होतं, आणि ते थेट मंगळाच्या पलीकडे.

असे काही महिने गेले. मग एका दुपारी गणितसरांचा फोन आला.

"हे बघ. बसलायस ना?"

"बसलोय."

"तो आपला नाही रे."

चष्मेवाल्याच्या हातात कुणाचातरी चष्मा होता. तो त्यानं हळूच खाली ठेवला.

"काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका वेधशाळेनं तो पाहिलाय. दोन रात्री पाहिला, कळवला आणि मग हरवला त्यांच्याकडून. मार्ग धड माहीत नव्हता ना. आता केंद्रात आपली मोजमापं त्यांच्या जुन्या मोजमापांशी जोडून पाहिली, तर दोन्ही एकाच मार्गावर बसतात. शोध त्यांचा. नाव सुचवायचा हक्कही त्यांचा. आपल्यामुळे त्यांना तो परत सापडला, हे मात्र खरं. वाईट वाटून घेऊ नकोस. अजून कुणाला सांगितलं नव्हतंस, ते एक बरं केलंस."

भिंतीवरच्या आरशात चष्मेवाल्याला दोन लाल कान दिसत होते.

"सांगितलं नव्हतंस ना?" सरांनी पुन्हा विचारलं.

त्याच संध्याकाळी ताई आली ती उड्या मारतच म्हणायची. "बारक्या, डेपोवाले खिडकीच्या वर फलक लावतायत! माझ्या नावाचा! म्हणे, यांच्या नावाचा ग्रह आकाशात आहे, असं रंगवून घेतायत. मॅनेजर स्वतः आले होते घरी. त्याचं काय आहे, त्याचं काय आहे, करत अर्धा तास बसले. बरं, तो आज कुठाय?"

आता सांग, असं तो मनात म्हणाला. तोंडानं म्हणाला, "पुढे सरकलाय थोडा."

रात्रीच्या जेवणाला बायकोनं त्याचं ताट पाहिलं. भात चिवडलेला. तिनं त्याच्या तोंडून सगळं काढून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, उद्याच्या उद्या सांगून टाका ताईंना. गिऱ्हाइकाचा नंबर चुकला तर सांगता ना?"

"सांगतो. काच बदलून देतो."

"मग द्या ग्रह बदलून!"

ती चिडून बोलली होती. पण बुडत्या माणसानं दोर बघावा तसं यानं ते वाक्य पकडलं. बदलून द्यायचा! ताईला कुठे कळणार आहे हा ठिपका की तो ठिपका? दुसऱ्या दिवसापासून हा फोटोंवर तुटून पडला. दुपारी बघ, गिऱ्हाईक बसलेलं असताना बघ. एका आजोबांना दूरचं वाचायला लावून हा संगणकाकडेच बघत राहिला. आजोबा पाटीवरची सगळ्यात खालची ओळ मनानंच वाचून मोकळे झाले आणि यानं त्यांना "उत्तम" म्हटलं.

नवा ठिपका काही मिळेना. जो उडी मारेल त्याच्याभोवती गोल. शेवटी एका फोटोत त्याला एक पुसट ठिपका दिसला. दुसऱ्या फोटोतही होता, म्हणजे असल्यासारखा होता. तिसऱ्यात नव्हता. पण तिथे जरा बाजूला काहीतरी होतं, तेच असेल. चौथ्यात तर काहीच नव्हतं, म्हणून त्यानं जिथे असायला हवा होता तिथली जागा मोजली आणि सगळं सरांना पाठवून दिलं.

सरांचा फोन लगेच आला. आवाज एकदम हळू. या वेळी "हे बघ" म्हणाले नाहीत.

"पहिले दोन ठिपके कॅमेऱ्याचे दोष आहेत. तुला ते कळतात. काचेवरचा डाग आणि काचेपलीकडची वस्तू यांतला फरक तुझ्याइतका कुणाला कळतो? आणि चौथा ठिपका तिथे नाहीच. तो तू बसवलास."

"सर, मी…"

"मी हे पुढे पाठवणार नाही. कुणाला सांगणारही नाही. पण पुन्हा मला पाठवू नकोस."

"घाई नको" म्हणायचंही सर विसरले. फोन ठेवल्यावर चष्मेवाल्यानं उठून पहिला आरसा उलटा केला. मग दुसरा. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, पण दुकानाला फरशी होती. ग्रह आपला नव्हता, त्यात त्याचा काही दोष नव्हता. पण हा ठिपका त्याच्या हातचा होता.

बायको रोज संध्याकाळी विचारायची, "सांगितलंत?" हा म्हणायचा, "आज ताईला सर्दी झालीय." मग "आज ताई खुशीत होती." मग "आज ताई एकटी नव्हती." ताई रोज सकाळी विचारायची, "कुठवर गेला?" हा रोज सांगायचा. असे तीन आठवडे त्यानं काढले, आणि फलकाचा दिवस उजाडला.

सकाळची वेळ. डेपोत खिडकीसमोर खुर्च्या मांडलेल्या. खिडकीच्या वर फलक, त्यावर पडदा, पडद्याला दोरी. ड्रायव्हर, कंडक्टर, भाजीवाली, दातांचे डॉक्टर, कुत्र्यासह केमिस्ट, सगळे हजर. खिडकीत आता नवी मुलगी बसायची, तीही बाहेर येऊन उभी राहिली. ताई नव्या कपड्यांत, नव्या चपला घालून आलेली. चपला चावत होत्या, ती पायावरचा भार बदलत उभी होती, पण चेहरा असा की चपला चावतायत हे त्याला कुणी कळवलंच नसावं. या वेळी मॅनेजरांनी चष्मा आणला होता आणि तिचं नाव पूर्ण वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "त्याचं काय आहे, की आता बाईच दोन शब्द बोलतील."

ताई उभी राहिली.

"मला बोलता येत नाही. मी आयुष्यभर एकच शब्द बोलले, खूण." लोक हसले. "दुसऱ्यांच्या वस्तू दुसऱ्यांना दिल्या. माझं कधी काही हरवलं नाही. हरवायला काही असावं तर लागतं ना! आणि हा माझा भाऊ. लहानपणी याचं सगळं हरवायचं. मी शोधून द्यायचे. मला वाटायचं, याला आयुष्यात काही सापडायचं नाही. आणि यानं शोधलं काय, तर…"

तिनं दोरीला हात घातला.

"ताई, थांब."

आवाज आपलाच आहे हे चष्मेवाल्याला उभं राहिल्यावर कळलं. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. कान असे पेटले की जवळची भाजीवाली जरा सरकून बसली.

"तो आपला नाही."

कुत्रं एकदा भुंकलं आणि केमिस्टनं त्याचं तोंड दाबलं. ताईचा हात दोरीवर तसाच होता. तिनं भावाकडे पाहिलं, आणि मग तिच्या तोंडून तोच आवाज आला, खिडकीतला, कोरडा.

"खूण?"

"मार्ग," तो म्हणाला.

"मोठ्यानं सांग. मागे ऐकू येत नाही."

"मार्ग, ताई. तो ज्या वाटेनं सूर्याभोवती फिरतो ती वाट. दुसऱ्यांनी काही वर्षांपूर्वी त्याला पाहिलं होतं. त्यांच्याकडून हरवला. मी पाहिला तो त्याच वाटेवर. म्हणजे तोच तो."

"खूण नीट तपासली?"

"तपासली. पटते."

"मग ज्याचा त्याला गेला पाहिजे." तिनं दोरी सोडली. "गेला का?"

"गेला."

"कधी?"

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. तीन आठवडे तो सगळं सांगायची तालीम करत होता, पण या प्रश्नाला उत्तर बसवलं नव्हतं.

"तीन आठवडे झाले."

ताई अगदी हळू बोलली, पण डेपोत एवढी शांतता होती की शेवटच्या बसपर्यंत ऐकू गेलं असेल.

"मी रोज सकाळी येत होते. कुठाय म्हणून विचारत होते. आणि तू मला सांगत होतास."

त्यानं मान हलवली.

"त्याचं काय आहे," मॅनेजर उठत म्हणाले, आणि पुन्हा खाली बसले.

"पडदा असू द्या," ताई त्यांना म्हणाली. मग लोकांकडे वळून म्हणाली, "चहा झालाय. पिऊन जा, थंड होईल." आणि पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणीच चालत फाटकाबाहेर गेली. भावाच्या अंगावरून गेली, पण त्याचा दंड धरला नाही.

त्यानंतर ताई दुकानाकडे फिरकली नाही. हा तिच्या खोलीवर गेला, तर दार उघडायची, पाणी द्यायची, हवापाण्याचं बोलायची. लोकही काही बोलत नव्हते, आणि ते फार वाईट होतं. भाजीवाली आधी भाव सांगताना टोमणा मारायची, ती आता गुपचूप जास्तीची भाजी टाकायची. केमिस्ट कुत्र्याला घेऊन पलीकडच्या कडेनं जायचा. एक दिवस चष्मेवाल्यानं ठरवलं, निदान तो फलक तरी काढून आणू. ताईला येता-जाता दिसायला नको.

डेपोत फलक वर नव्हता. नव्या मुलीनं खिडकीतून आत बोट दाखवलं. छत्र्या आणि डब्यांच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून फलक ठेवलेला होता. त्याला इतर वस्तूंसारखीच चिठ्ठी बांधलेली.

"तो मला द्याल का?"

"तुमचा आहे का?" मुलगी नियमाची पक्की होती. ताईनंच तयार केलेली.

"माझ्या ताईचं नाव आहे त्यावर."

"त्या येऊन गेल्या. मी म्हटलं, अहो ताई, तुमचंच नाव आहे, घेऊन जा ना घरी. तर म्हणाल्या, नाव माझंच आहे गं, पण खूण पटत नाही. आणि स्वतःच चिठ्ठी बांधून ठेवून गेल्या."

चष्मेवाला परत फिरला. आल्या वाटेनं दुकानात येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दारात उभी. चष्म्याची दांडी लोंबत होती.

"स्क्रू निघालाय."

त्यानं मान खाली घालून स्क्रू बसवला. तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सवयीनं आरसा शोधला.

"आरसे उलटे का?"

तिनं त्याच्या कानांकडे पाहिलं आणि काउंटरवरचा आरसा सरळ केला. चष्मा नीट बसलाय का ते बघितलं.

"दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"तो. एवढं सगळं ज्याच्यासाठी झालं, तो मी पाहिलेला नाही."

त्यानं ते जुने चार फोटो काढले. भराभर एकामागून एक दाखवले. पुसटसा ठिपका उडी मारत पुढे गेला. ताई पडद्याजवळ नाक नेऊन बघत राहिली.

"हा?"

"हा."

"एवढा?"

"एवढाच."

"आणि यासाठी मी चपला घेतल्या. अजून चावतायत." तिनं पुन्हा ठिपका बघितला. "आता कुठाय?"

त्याच्या जिभेवर जुनं उत्तर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"सूर्याच्या पलीकडे गेलाय. आता दिसत नाही. मागचे आठवडे पण धड दिसत नव्हता, ताई. मी आपलं काहीतरी सांगायचो."

"परत कधी दिसेल?"

"पुढच्या वर्षी."

"बरं." ताईनं पर्स काखेला लावली. "मग तोवर मीही सूर्याच्या पलीकडे आहे असं समज."

ती निघून गेली. तो दाराकडे बघत उभा राहिला आणि मग काउंटरवरचा आरसा पुन्हा उलटा करायला त्यानं हात उचलला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं आणि त्यानं त्याच आरशासमोर एक जाड काळी फ्रेम नाकावर चढवली. आरशात आता दोघं दिसत होते, एक हसरा आणि एक कानांपर्यंत लाल.

"कशी दिसतेय हो?"

चष्मेवाल्यानं आरशात बघितलं, आधी गिऱ्हाइकाकडे आणि मग नाइलाजानं स्वतःकडे.

"वाईट," तो म्हणाला. "दुसरी बघू या."